बत्तीस औंस

कोटकाकांच्या आधी त्यांचा वास पोचतो. डांबराच्या गोळ्यांचा. लग्नाच्या मांडवात हा वास सुटला, की बायका आधी आपापले शालू हुंगून बघतात आणि मग कुणीतरी म्हणतं, "काका आले वाटतं." नाटकाला ते गेले तर पुढच्या रांगेतली माणसं पहिला अंक संपेपर्यंत नाकाला रुमाल लावून बसतात. काकांना स्वतःला हा वास येत नाही. येतच असेल, तर तो त्यांना घरचा वाटतो.

पाटबंधारे खात्यातून ते निवृत्त झाले. सैन्यात एक दिवस काढलेला नाही. एनसीसीतसुद्धा नव्हते. युद्धात कोण जिंकलं, कोण हरलं यात त्यांना फारसा रस नाही. जिंकणाऱ्यांच्या अंगावर काय होतं आणि ते किती वजनाचं होतं, एवढंच त्यांना हवं असतं. कोथरूडच्या फ्लॅटमधली मोठी बेडरूम कोटांना दिलेली आहे. काका-काकू हॉलमध्ये झोपतात. कोट किती आहेत, असं कुणी विचारलं तर ते दुखावतात. "आकडा सांगतो तो साठेबाज," असं म्हणतात आणि तेवढ्यात काकू आतून आकडा सांगतात.

पुण्याची थंडी ती केवढी! डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटा, बाकी मफलर मिरवायची हौस. आणि काकांच्या खोलीतले कोट उत्तर अटलांटिकवरच्या जहाजांसाठी आणि रशियातल्या बर्फासाठी शिवलेले. त्यातला एकही त्यांनी बाहेर जाताना घातलेला नाही. घामानं अस्तर जातं म्हणे.

कोट हे निमित्त आहे, काकांना चटक आहे ती तुलनेची. नुसता एक कोट समोर असला तर ते गप्प असतात. त्याच्या शेजारी दुसरा टांगला, की त्यांना वाचा फुटते. ब्रिटिशांचा 1940 पॅटर्नचा ग्रेटकोट घ्या: दोन ओळींत बटणं, पाठीला अर्धा पट्टा. तोच घोडेस्वाराचा असेल, तर पाठीचा काप लांब, म्हणजे खोगिरावर बसताना घेर दोन्ही बाजूंना नीट पडतो. हे सांगताना काका सोफ्याच्या हातावर टांग टाकून बसूनही दाखवतात. मग रशियन शिनेल. शिपायाच्या शिनेलला पुढून बटणं नाहीत, आतून हुक. पाठीचा पट्टा सोडला की चुणी उलगडते आणि कोटाचं पांघरूण होतं. खालच्या कडेला शिवण नाही. कापड इतकं मळून, कुटून दाट केलेलं असतं, की कापलेल्या कडेचा धागा सुटतच नाही.

ही बिनशिवणीची कड काकूंना बघवत नसे. काका एकदा नाशिकला गेले होते, तेव्हा त्यांनी मायेनं ती कड दुमडून हातशिलाई घालून ठेवली. अगदी बारीक, एकसारखी टीप. काका परत आले, त्यांनी कोट बघितला आणि खुर्चीत बसले. काही बोलले नाहीत, हे विशेष. मग ब्लेडनं एकेक टाका उसवत राहिले. काकू अजून म्हणतात, "फुकट शिवून दिलं तर ही तऱ्हा!"

याच शिनेलच्या कॉलरवर जुन्या पट्ट्यांच्या खुणा आहेत आणि खांद्यांवर नंतर घातलेले टाके आहेत. क्रांतीनंतर 1917 साली रशियनांनी खांद्यावरच्या पट्ट्या काढून टाकल्या होत्या. जानेवारी 1943 मध्ये स्टालिननं त्या परत आणल्या. म्हणजे हा कोट कॉलरवरच्या आणि खांद्यावरच्या, अशा दोन्ही पट्ट्यांच्या काळातून गेलेला, असा काकांचा सिद्धांत. ठाण्याच्या एका गृहस्थांचं मत मात्र असं, की दोन्ही खुणा विकणाऱ्यानं केल्या आहेत.

या ठाण्याच्या गृहस्थांबद्दल आता सांगायलाच हवं. तेही कोट जमवतात. दोघं रोज रात्री दहाला व्हॉट्सॅपवर भांडतात. भांडणाचा कायमचा विषय म्हणजे अमेरिकन नौदलाचा पीकोट. एके काळी तो केर्सी नावाच्या कापडाचा होता: पूर्ण पन्ह्याचा एक वार कापड तोलला तर भरणार 32 औंस, म्हणजे नऊशे ग्रॅमच्या वर. 1980च्या सुमाराला मेल्टन आलं आणि वजन उतरलं. काकांच्या मते जगाच्या ऱ्हासाला तिथून सुरुवात झाली. 2018 पासून तर नव्या खलाशांना पीकोटाऐवजी पार्का मिळायला लागला. ती बातमी आली त्या दिवशी काका जेवले नाहीत. चतुर्थी होती, असं काकूंचं म्हणणं.

ठाणेकरांकडे दुसऱ्या महायुद्धातला पीकोट आहे. बटणांवर नांगर, त्याच्याभोवती तेरा तारे. काकांकडच्या बटणांवर नुसता नांगर. त्यामुळे ठाण्याची बटणं नंतर लावलेली आहेत, हे सिद्ध करणं काकांना भाग पडलं. त्यांनी बटणाच्या मागच्या दोऱ्याचे फोटो मागवले, ते मोठे करून बघितले आणि निकाल दिला: दोरा नवा. ठाणेकरांनी उलट लिहिलं, की आमच्या गावात 1925 साली लोकरीची गिरणी निघाली, तीच पुढची रेमंड, आम्हाला दोरा शिकवू नका. काकांचं उत्तर तयार होतं: "तिथं आधी कांबळी विणत होते." त्यानंतर आठवडाभर दोघांनीही एकमेकांना सुप्रभात पाठवलं नाही.

मे महिन्यात आमच्या गच्चीवर कुरडया, सांडगे, चिकवड्या पडतात आणि त्यांच्या वरती दोऱ्यांवर काकांचे कोट. ऊन दिलं नाही तर कसर लागते. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या चिकवडीत राखाडी तंतू निघाला. वहिनी तो घेऊन तणतणत आल्या. काकांनी तंतू चिमटीत धरला, उन्हाकडे करून बघितला आणि शांतपणे म्हणाले, "हा माझ्या पूर्व जर्मनचा नाही. पूर्व जर्मन तंतू सोडत नाही." वहिनींना वाटलं, हे कुणा भाडेकरूबद्दल बोलताहेत.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात ते रविवारी आणि बुधवारी जातात. तिथं त्यांचा एक डाव आहे: हव्या त्या कोटाकडे बघायचंच नाही. शेजारची पितळी समई उचलायची, तिचा भाव करायचा, आणि निघता निघता "हे फडकं काय म्हणतंय?" असं विचारायचं. डाव चांगला आहे. पण दुकानदारांना आता वास ओळखीचा झालाय. काका दोन गाळे लांब असतानाच भाव चढतो. घरात समया मात्र बऱ्याच झाल्या आहेत.

दुसरं ठिकाण पानिपत. पानिपत म्हटलं की मराठी माणसाला 1761 आठवतं; काकांना चिंध्या आठवतात. पाश्चात्त्य देशांतले टाकलेले लोकरी कपडे कंटेनर भरभरून तिथं येतात, रंगारंगानं निवडले जातात, यंत्रात घालून पिंजले जातात आणि त्या पिंजलेल्या लोकरीचं सूत काढून स्वस्त ब्लँकेटं विणतात. पूर-भूकंपात वाटतात ती बरीचशी तिथलीच. त्या ढिगांत चांगले लष्करी कोटही असतात. "तिकडे रोज आपली माणसं कापली जातायत," असं काका तळमळून म्हणतात, तेव्हा नवख्या माणसाला काही वेगळंच वाटतं. त्यात चिंध्या म्हणून आयात केलेला कपडा अंगात घालायला विकला जाऊ नये, म्हणून तो आधीच फाडलेला असावा लागतो. काकांचा डच ग्रेटकोट तिथून आला तो पाठीवर उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत उभा चिरलेला. रविवार पेठेतल्या म्हाताऱ्या रफूगारानं तो मांडीवर घेतला, चिरेवरून बोट फिरवलं आणि हलक्या आवाजात विचारलं,

"साहेब, लढाईतला घाव?"

"नाही. कायद्याचा."

रफूगारानं कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागे काढून ती चीर अशी बुजवली, की आता शोधावी लागते. काका पाहुण्यांना शोधायला लावतात. सापडली तर नाराज होतात, नाही सापडली तर स्वतः दाखवतात.

पाहुण्यांच्या अंगावरचे कपडेही सुटत नाहीत. काका नमस्कार करतात आणि त्याच हातानं समोरच्याच्या जॅकेटची कड अंगठा-तर्जनीत धरून चोळतात. "पॉलिस्टर," असं म्हणून सोडून देतात. माझ्या मावसभावाच्या लग्नात त्यांनी आहेर देता देता नवरदेवाच्या सुटाची बाही अशीच चोळली होती. नवऱ्याचा चेहरा पडला. काका म्हणाले, "असू दे, असू दे. अंगावर चांगला दिसतोय."

मी त्यांना एका वाढदिवसाला गोगोलची 'शिनेल' ही 1842 सालची कथा भेट दिली. रात्रीत वाचली. सकाळी दारात हजर. "कॉलरला मांजराचं कातडं रे! आणि अस्तर कॅलिकोचं! बिचारा." तो गरीब कारकून शेवटी मरतो, याचं काय वाटलं, असं मी विचारलं. "हो, ते आहेच. पण चोरीला गेलेला कोट पुढे सापडला का, ते लेखकानं लिहिलेलं नाही. आणि कापडाचं वजन कुठंही दिलेलं नाही."

पण काकांना खरं ओळखायचं असेल, तर त्यांना साताऱ्याकडे बघावं. त्या बाजूच्या गावांत घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे कुठल्या तरी खुंटीला जुना डगला असणारच, हा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर होता. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत होत्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथलाच. गाडी मी चालवत होतो. एका वाडीत पडवीतल्या खुंटीला तो टांगलेला दिसला आणि काकांनी चालत्या गाडीचं दार उघडलं.

ग्रेटकोटच होता. रंग उन्हानं उडालेला, कोपराला ठिगळ, बटणं दोनच. बाकीची कुठं गेली ते गोठ्यात कळलं. वासराच्या गळपट्ट्यात ओवलेली होती. काकांनी परवानगी मागून अस्तर उलटं केलं, खिशातून भिंग काढलं. आत पुसट बाण, बाणाशेजारी आय हे अक्षर: हिंदुस्थानात बनलेला सरकारी माल. कापड कानपूरच्या लाल इमलीचं की पंजाबातल्या धारीवालचं, यावर ते स्वतःशीच वाद घालायला लागले. मग त्यांचं लक्ष खालच्या घेराकडे गेलं. घेर गुडघ्याच्या वरच वीतभर कापलेला. कापही वेडावाकडा.

काकांचा आवाज बदलला. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलानं कोट इतके जड व्हायचे, की शिपाई खालचा घेर सरळ कापून टाकायचे. आणि 1944च्या हिवाळ्यात इटलीत चिखल काही कमी नव्हता. "बघ," ते मला म्हणाले, "हा काप संगिनीचा आहे. सेनियो नदीच्या काठावर, रात्री, घाईत..."

"त्यो व्हय? त्यो म्या कापला," घरातली म्हातारी म्हणाली. "इळ्यानं. नातवाला कुंची शिवली."

काका जरा वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "आजी, ती कुंची आहे का अजून?"

कुंची नव्हती. नातू होता, तिशीचा. डगला त्याच्याच वापरात. रात्री लाईट येते, तेव्हा उसाला पाणी द्यायला जावं लागतं आणि दारं धरताना थंडीत हाच अंगावर लागतो. काकांनी आधी पैसे सांगितले, मग जास्त पैसे सांगितले. म्हातारी म्हणाली, "आन् पोरगं रातच्याला काय घालंल?" यावर तोडगा म्हणून आम्ही साताऱ्याला गेलो, काकांनी स्वतःच्या पैशानं भारी, आतून फर असलेलं जॅकेट घेतलं आणि दिवेलागणीला परत वाडीत. नातवानं ते घातलं, चेन वर ओढली, अंगणाच्या कडेला वाऱ्यात जाऊन उभा राहिला आणि परत आला.

"ह्यात वारं शिरतंय, काका."

वाटलं, आता काका खट्टू होतील. ते तर फुलले. परतीच्या वाटेवर खंबाटकीच्या घाटापर्यंत त्यांचं एकच चाललं होतं: ऐंशी वर्षांचा कोट, अर्धा घेर नाही, बटणं वासराला, आणि तरी नव्याला भारी पडला! हे त्यांनी ठाण्याला लगेच कळवलंसुद्धा. ते जॅकेट नातवाकडेच राहिलं. तो ते लग्नकार्याला घालतो असं ऐकलं.

गेल्या जानेवारीत काकांच्या मुलाचा शिकागोहून व्हिडिओ कॉल आला. जुन्या कपड्यांच्या दुकानात पीकोट मिळाला, घेतला, आता घालूनच घरी चाललोय, म्हणाला. मागं बर्फ पडत होतं. काका ताठ बसले.

"बटण दाखव. जवळ. तारे आहेत का?"

"बाबा, घरी गेल्यावर..."

"आत्ता दाखव. मोज. बरं, खिसा उलटा कर, आत कॉर्डुरॉय आहे का? असं दिसत नाही. काढ कोट. काढ. आता कॉलर मागं वळव. लेबल वाचून दाखव."

मुलगा फुटपाथवर नुसत्या शर्टावर उभा, दात वाजताहेत, एका हातात फोन, दुसऱ्या हातात उलटा केलेला कोट. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"अहो, पोराला कोट घालू द्या आधी!"

"घालेल की. पळून जातोय का कोट?" काका फोनकडे वळले. "बाळा, तिथं जवळपास वजनकाटा कुठं मिळेल?"