177 सेंटिमीटरचे साळेसाहेब

यवतमाळ जिल्ह्यात बर्फ पडत नाही. गारा पडतात, आणि मग तलाठी येऊन त्यांचा पंचनामा करतो. बाकी बर्फ दिसतो तो रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेला, मे महिन्यात पारा 45 ला टेकला की. अशा मुलखातला माणूस स्की निवडायला उभा राहिला की त्याच्याजवळ एकच कसोटी असते: भाडं सारखंच असेल तर वस्तू मोठी घ्यावी.

ही कसोटी आमच्या साळेसाहेबांची. कापसाच्या धंद्यातला माणूस. गुलमर्गला जायचं ठरलं तसं त्यांनी मोबाइलवर स्कीचे व्हिडिओ पाहायला सुरुवात केली, आणि नागपूरला गाडीत बसेपर्यंत ते या विषयातले जाणकार झाले होते. आपल्याला ‘ऑल-माउंटन’ स्की लागणार, हे त्यांनी बैतूलच्या आतच जाहीर केलं.

“म्हणजे सगळ्या डोंगरावर चालते, भाऊजी. एकच घ्याची, कुठंबी न्याची.”

यात चूक काहीच नव्हती. स्कीची जात ठरते ती मधल्या रुंदीवरून, म्हणजे बुटाखाली ती किती मिलिमीटर आहे यावरून. दाबून गुळगुळीत केलेल्या उतारासाठी साधारण 80 च्या खालची अरुंद स्की, कारण ती एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पटकन कलते. भुसभुशीत खोल बर्फासाठी 105 च्या वरची रुंद, कारण ती बुडत नाही. या दोन्हींच्या मधली ती ऑल-माउंटन. मी हे समजावून सांगितल्यावर साळेसाहेबांनी एका वाक्यात निकाल लावला. “म्हंजे एक आपली शकुंतला, एक ब्रॉडगेज, अन् हे मधातली मीटरगेज.” शकुंतलेच्या डब्यात बसून यवतमाळ ते मूर्तिजापूर 762 मिलिमीटरच्या रुळांवरून डुलत गेलेल्या माणसाला रुंदीचं शास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही.

घोडं अडलं ते लांबीवर.

तंगमर्गला भाड्याचे कोट आणि गमबूट चढवून, सगळे एकाच मापाचे दिसू लागलो आणि गुलमर्गला पोहोचलो. 2,650 मीटर उंची. समोर अफरवाटचा डोंगर, आणि त्याच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ 4,000 मीटरपर्यंत नेणारा गोंडोला. त्याचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत 1998 मध्ये सुरू झाला, दुसरा 2005 मध्ये. वरच्या टप्प्यावर बर्फ दाबलेला नसतो, म्हणून जगभरचे पट्टीचे स्कीवाले रुंद स्की खांद्यावर टाकून तिथं रांग लावतात. साळेसाहेबांनी ती रांग पाहिली आणि त्यांचा निर्धार पक्का झाला.

दुकानात भिंतीवर दोन मीटरची एक जुनी, सरळसोट स्की शोभेला टांगली होती.

“अपने को वो दो ना भाऊ,” साळेसाहेब म्हणाले. “किराया तो उतनाच है ना?”

दुकानदार सज्जन होता. त्यानं हात सरळ वर केला आणि मनगटाला बोट लावून दाखवलं. त्याच्या वडिलांच्या काळी स्की अशी मोजत. पुढं 1990 च्या दशकात टोकाला रुंद, कमरेला बारीक अशा स्की आल्या, त्या नुसत्या कलवल्या तरी वळतात, आणि मापं झरझर खाली उतरली. आता नवख्याला हनुवटीपर्यंत, सरावलेल्याला नाक-कपाळापर्यंत आणि वाऱ्यावर स्वार होणाऱ्याला डोक्याच्याही वर. मग त्यानं दोन स्की पोटाला पोट लावून धरल्या. टोकं एकमेकींपासून लांब पळालेली. टोक असं उचललेलं असलं की बर्फाला कमी लांबी टेकते, म्हणून अशी स्की दोन-चार सेंटिमीटर जास्त घेतली तरी चालते.

साळेसाहेबांनी ती पारखून पाहिली. “लाकूड वाकलं हाये. आपलं सागवान असं वाकत नाई.”

त्यानंतर दुकानदारानं वही उघडली आणि घात झाला. उंची? 168. ती खरी होती. वजन?

“चौऱ्याहत्तर.”

“अठ्ठ्याऐंशी,” मागून आवाज आला. आमची सौभाग्यवती. “चौऱ्याहत्तर तं याच्या लग्नात होतं. लिहा, लिहा, अठ्ठ्याऐंशी.”

“ताई, तू चूप बस ना!”

पण दुकानदारानं आकडा खोडला. वजन त्याला लांबीसाठी हवं होतं, कारण जड माणसाखाली आखूड, मऊ स्की वाकून जाते. त्याहून जास्त ते हवं होतं बूट अडकवायच्या खटक्यासाठी. त्या खटक्याला स्क्रू असतो, आणि माणूस पडला की बूट कधी सुटावा हे तो ठरवतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि येतं किती, यावरून तो पिळतात. वजन कमी सांगितलं तर बूट भलत्या वेळी सुटतो. येतं जास्त सांगितलं तर सुटायचा तेव्हा सुटत नाही आणि गुडघा फिरतो. माणूस मात्र जगात सगळीकडं वजन उतरवून सांगतो आणि अक्कल चढवून.

“लेव्हल? बिगिनर? इंटरमीजिएट?”

साळेसाहेबांची छाती फुगली. “एलिमेंटरी भी हुई, इंटरमीजिएट भी. बी ग्रेड.”

चित्रकलेच्या सरकारी परीक्षांचा लौकिक पीरपंजाल ओलांडून गेला नसावा. दुकानदारानं निमूटपणे ‘इंटरमीजिएट’ लिहिलं, वजनाकडं पुन्हा पाहिलं, आणि 177 सेंटिमीटरची ऑल-माउंटन जोडी काउंटरवर ठेवली. मला मिळाली 155 ची. साळेसाहेबांनी माझ्या स्कीकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं त्यांनी आमच्या घरातल्या एकाही वस्तूकडं पाहिलं नव्हतं. म्हणजे पाहिलं असेल, पण इतक्या मोकळेपणानं नाही.

नवखे शिकतात ते खालच्या मैदानात. उन्हाळ्यात तिथं गोल्फचं मैदान असतं. शिकवणारा तरुण तंगमर्गकडचा. त्याच भागातल्या आरिफ खानची गोष्ट त्यानं अभिमानानं सांगितली: 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा तो एकटाच खेळाडू, आणि जायंट स्लालममध्ये 45 वा आला.

“पंचेचाळीसचं आमाले काई नाई,” साळेसाहेब म्हणाले. “आमी मे महिना काढतो त्यात.”

पहिला धडा पाचरीचा. पुढची टोकं जवळ, टाचा लांब, की वेग मरतो. माझ्या 155 वाल्या कशीबशी पाचर धरत होत्या. 177 च्या टोकांनी आधी एकमेकींवर कैची मारली, मग ती सोडली, आणि दोघी समांतर होऊन निघाल्या. लांब स्कीचा गुण हाच की वेगात ती डगमगत नाही. साळेसाहेबही डगमगले नाहीत. स्लेजवाल्यांच्या घोळक्यातून, मॅगीच्या टपरीशेजारून, कोण्या पुणेकर कुटुंबाच्या चालू फोटोतून ते ताठ उभे राहून गेले. “बाजू व्हा बाप्पा, बाजू व्हा!” एवढंच ऐकू आलं. पुढं एका बर्फाच्या ढिगाऱ्यात ते अर्धे आत, अर्धे बाहेर सापडले. बूट सुटले ते तिथंच, वाटेत भलतीकडं नाही. सौभाग्यवतीनं खरा आकडा सांगितला होता, त्याचा एवढा उपयोग झाला.

दुपारी गुपचूप 153 ची जोडी आली. आणि खरं सांगायचं तर संध्याकाळपर्यंत साळेसाहेब डावीकडं वळायला लागले. उजवीकडं नाही, पण डावीकडं अगदी सुबक.

निघायच्या दिवशी स्की परत करायला गेलो तर काउंटरवर नागपूरचं एक टोळकं उभं. त्यातल्या गॉगलवाल्याची नजर भिंतीवरच्या दोन मीटरच्या स्कीवर. साळेसाहेबांनी त्याला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला.

“कुठचे? धरमपेठ? बरं. वजन बायकोले सांगू द्या. अन् लेव्हल पुसली तं इंटरमीजिएट म्हणू नका. पास असान तरी म्हणू नका.”