उभ्या गाडीचे गुण

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात लाल दिवा लागला की उड्डाणपुलाखाली जी रांग लागते, तिच्यातल्या निम्म्या चारचाक्या सख्ख्या बहिणी वाटतात. पांढरा रंग, फुगवलेले बॉनेट, चाकांच्या कमानीवर काळे प्लास्टिक आणि छतावर दोन रूळ, ज्यांना जन्मात कधी दोरी बांधली जात नाही. यातली एक नऊ लाखांची असते आणि तिला खेटून उभी असलेली एकोणीस लाखांची. कोणती कोणती हे कळायला मागे जाऊन नाव वाचावे लागते; तरीही नऊवाल्याला एकोणीसवाल्याकडे बघून जे वाटायचे ते वाटतेच. हा दहा लाखांचा फरक नेमका कशाचा, याची छाननी या चौकात करणे बरे. चौथऱ्यासह बावन्न फूट उंच असलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा २०२२ पासून इथे उभा आहे. ‘बैठक उंच आहे म्हणून एसयूव्ही घेतली’ असे सांगणाऱ्याने निदान या चौकात तरी आवाज खाली ठेवावा.

आधी कुंडली पाहू. २००६ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चिदंबरम यांनी लहान गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले आणि लहान गाडी कशाला म्हणायचे तेही ठरवून दिले. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. हेतू चांगला होता. पण आपल्याकडे कायदा झाला की पहिल्यांदा दिसते ती त्यातली फट. २००८ मध्ये टाटांनी इंडिगोचे शेपूट छाटून इंडिगो सीएस काढली. २०१२ मध्ये डिझायरची डिक्की त्याच कात्रीखाली गेली. २०१३ मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आली ती ३९९९ मिलिमीटर लांबीची, म्हणजे कायद्याला एक मिलिमीटरचा नमस्कार करून. आज ब्रेझा, नेक्सॉन, सोनेट आणि कायलॅक या चारही गाड्या ३९९५ मिलिमीटरच्या आहेत. जपानी, देशी, कोरियन आणि चेक अशा चार घराण्यांना एकच आकडा स्वप्नात आला, यावर विश्वास ठेवायचा असेल त्याने ठेवावा. घरात माणसे किती, हे त्या आकड्याला कुणी विचारलेले नाही. ‘कॉम्पॅक्ट एसयूव्ही’ नावाचा जो प्राणी आपल्या दारात उभा आहे, त्याचा बाप अर्थ खाते आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून या रेषेची धार आणखी वाढली. रेषेच्या आतल्या गाडीला १८ टक्के जीएसटी, बाहेरच्या गाडीला ४०. कारखान्यातून आठ लाखांना निघालेली गाडी आत राहिली तर ९ लाख ४४ हजारांची होते, बाहेर गेली तर ११ लाख २० हजारांची. त्यावर महाराष्ट्राचा वाहन कर, पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२. म्हणजे आणखी तीसेक हजार. पत्रा तोच, रंग तोच, स्टिअरिंग तेच, आणि दोन लाख रुपये नुसते फूटपट्टीचे. ब्रेझाची तर दोन्हीकडून कुचंबणा झाली आहे. लांबी आखडून घेतली, पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे, त्यामुळे कर मोठ्या गाडीचाच. याहून मौज क्रेटाची. त्याआधी जीएसटीवर सेस लागे, त्या जमान्यात कराच्या नियमाने एसयूव्ही ठरायला लांबी चार मीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर आणि जमिनीपासूनची उंची किमान १७० मिलिमीटर, अशा तिन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागत. क्रेटाचे पेट्रोल इंजिन १४९७ सीसीचे. म्हणजे जिला पाहून अख्खा जालना रोड ‘एसयूव्ही’ म्हणत होता, ती या इंजिनासह सरकारदप्तरी एसयूव्ही नव्हतीच. मालकाने शेजाऱ्यांना एसयूव्ही सांगायची, कंपनीने सरकारला साधी मोटार सांगायची, आणि दोघांचेही समाधान व्हायचे.

आता रेषेपलीकडे जाऊन मिळते काय ते मोजू. क्रेटा ४३३० मिलिमीटर लांब आहे, म्हणजे नेक्सॉनपेक्षा एक फूट आणि वर इंचभर जास्त. तिची रुंदी मात्र १७९०. ब्रेझाचीही १७९०. नेक्सॉनची १८०४. मागच्या सीटवर तीन मोठी माणसे बसतात ती आडवी, उभी नव्हे. तेव्हा ज्या कारणासाठी मोठी गाडी घेतो म्हणून सांगितले जाते, त्या कारणाची मोठ्या गाडीत मुळी वाढच झालेली नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, ज्यावर गुडघ्यांचे सुख अवलंबून असते, ते क्रेटात २६१० मिलिमीटर आहे आणि चार मीटरच्या आतल्या महिंद्राच्या ३एक्सओमध्ये २६००. फरक एक सेंटिमीटरचा. मग तो जास्तीचा फूट गेला कुठे? बराचसा डिक्कीत, थोडा नाकात. डिक्की लिटरमध्ये सांगायची पद्धत आहे आणि प्रत्येक कंपनीची मोजायची तऱ्हा निराळी. क्रेटाचे ४३३ लिटर, तर आखूड कायलॅकचे कंपनीच्या हिशेबाने ४४६. ज्या शहरात काही वस्त्यांना नळाचे पाणी आठ-आठ दिवसांनी येते, तिथल्या माणसाला लिटरचा आकडा ऐकून वेगळेच काही आठवले तर त्याचा दोष नाही. शिवाय ती पांढरी गाडी रोज सकाळी धुवायची असते, याचा हिशेब कोणत्याच माहितीपत्रकात नसतो. लांबीचे कौतुक अर्थ खात्याला. या शहरातल्या मकाई गेटला किंवा बारापुल्ला गेटला लांबी कळत नाही, त्यांना फक्त रुंदी कळते, आणि आरसे मिटवून आत शिरताना नऊ लाखवाला आणि एकोणीस लाखवाला सारखाच श्वास रोखतो.

लांबीने फरक पडत नाही म्हटल्यावर विक्रेता ‘फीचर्स’कडे वळतो. खरी गफलत इथे आहे आणि ती नीट उलगडायला हवी. गाडीतल्या सोयींचे दोन वर्ग पडतात: काही गाडी उभी असताना कामाला येतात, काही ती चालत असताना. छताची मोठी काच, दारातली रंग बदलणारी पट्टी, टेबलाएवढा पडदा, पायाच्या इशाऱ्याने उघडणारी डिक्की, आवाज दिला की काच खाली करणारी बाई, हे सगळे उभ्या गाडीचे गुण. ब्रेक, टायर, सहा एअरबॅग, वळणावर गाडी भरकटू न देणारी ईएससी, मागच्या मधल्या सीटलाही तीन ठिकाणी अडकणारा पट्टा, लहान मुलाची सीट बांधायचे आयसोफिक्सचे आकडे, हे चालत्या गाडीचे गुण. शोरूममध्ये गाडी उभी असते. साहजिकच शोरूममध्ये उभ्या गाडीचे गुण विकले जातात. एअरबॅग उघडून दाखवता येत नाही, सनरूफ उघडून दाखवता येते. मुलाने त्यातून डोके बाहेर काढले, आजीने ‘किती छान’ म्हटले की सौदा पक्का. मग हीच गाडी एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशी ओलांडून गेल्यावर, मालक त्या काचेखाली पडदा ओढून चालवतो. मराठवाड्यात छताला भोक पाडून घेण्यासाठी जादा पैसे मोजणारी ही पहिलीच पिढी असावी. थंड हवा सोडणाऱ्या सीटचे मात्र आम्ही समर्थन करतो. त्या इथल्या उन्हाळ्याला धरून आहेत आणि पाठीला कळतात.

चालत्या गाडीच्या गुणांचा लांबीशी संबंध आहे का, हेही तपासता येते. नेक्सॉनला गाड्या धडकवून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले ते डिसेंबर २०१८ मध्ये. २०२२ मध्ये त्या वेळच्या क्रेटाला त्याच संस्थेने तीन तारे दिले, आणि त्याच वर्षी मिडसाइजमधल्याच, म्हणजे चार मीटरच्या वरच्या, कुशाक आणि टायगुन यांना पाच. पुढे भारत एनकॅपने ३एक्सओ आणि कायलॅक या दोन्ही आखूड गाड्यांना पाच दिले. क्रेटाची २०२४ ची आवृत्ती सुधारून आली, सहा एअरबॅग आता तिच्या अगदी खालच्या मॉडेललाही आहेत. पण त्या खालच्या मॉडेलला पडदा नाही. म्हणजे चालत्या गाडीचे बहुतेक गुण कंपनीने तळालाच दिले, आणि वरच्या प्रत्येक पायरीवर माणूस जो लाख-लाख मोजत जातो, त्यातला मोठा वाटा उभ्या गाडीसाठी. तरी ‘बेस मॉडेल घेतले’ हे वाक्य आपल्याकडे मुलाला गणितात पस्तीस मिळाले असे सांगावे इतक्या हळू आवाजात बोलले जाते.

यावर एक आक्षेप येणारच, आणि तो दमदार आहे. जालना रोडवर संध्याकाळी सहा ते नऊ गाडी बहुतेक वेळ उभीच असते; सेव्हन हिल्सला उभी, मोंढा नाक्याला उभी, क्रांती चौकात मोर्चा असला की सहकुटुंब उभी. मग उभ्या गाडीचे गुण विकत घेणारा माणूसच व्यवहारी नव्हे काय? तर्क बिनतोड आहे. फक्त तो शेवटपर्यंत न्यावा. उभेच राहायचे असेल तर दीडशे अश्वशक्तीचे टर्बो इंजिन कशाला? आणि गाडीला स्वतःच्या लेनमध्ये ठेवणारी एडास प्रणाली कशाला? ही प्रणाली रस्त्यावरचे पांढरे पट्टे वाचते. तिला आधी पट्टे दाखवावे लागतात, ती जबाबदारी महापालिकेची. आपोआप लागणारा ब्रेक उत्तमच, पण समोर रिक्षा घुसली म्हणून आपली गाडी शहाणपणाने थांबते तेव्हा मागच्या टेम्पोत एडास नसते, हेही ध्यानात असावे.

दुसरा आक्षेप खड्ड्यांचा. रस्ते असे असल्यावर उंच गाडीच हवी, हे मान्य. पण उंची लांबीबरोबर येत नाही. नेक्सॉन जमिनीपासून २०८ मिलिमीटर, तिच्याहून लांब क्रेटा १९०, होंडाची एलिव्हेट २२०. खड्ड्याला दोन्ही वर्गांत औषध आहे. आणि यातल्या जवळपास सगळ्या गाड्यांची फक्त पुढची चाके इंजिनाने फिरतात, तेव्हा चिखलात रुतल्यावर ‘एसयूव्ही’ हा शब्द उपयोगी पडत नाही, ट्रॅक्टरवाला पडतो.

तिसरा आक्षेप समृद्धी महामार्गाचा, आणि तिथे आम्ही खुशाल माघार घेतो. ७०१ किलोमीटरचा रस्ता, १२० ची वेगमर्यादा, चार मोठी माणसे, त्यांच्या बॅगा. हे ज्याचे दर आठवड्याचे जिणे आहे, त्याला लांब गाडीची डिक्की आणि दमदार इंजिन सार्थकी लागते. त्याने मिडसाइज घ्यावी आणि हा लेख सोडून द्यावा. वर्षातून दोनदा शिर्डीला जाणाऱ्याने मात्र समृद्धीचे नाव पुढे करू नये. त्या रस्त्यावर अपघात वाढले तेव्हा आरटीओने गाड्यांचे टायर तपासायला घेतले. सनरूफ तपासल्याचे ऐकिवात नाही.

उरला प्रतिष्ठेचा मुद्दा, आणि या शहरात तो हलक्यात घेता येत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजकांनी आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज एका दमात घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा, म्हणजे सरासरी गाडीमागे ४३ लाख. देशभर बातमी झाली. स्टेट बँकेने सुमारे सात टक्क्यांनी कर्ज दिले, आणि ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला मोजावा लागणारा दर त्याशेजारी ठेवून पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिले तेही गाजले. या प्रकरणातून शहराने धडा घेतला तो दिसण्याचा: मोठी गाडी म्हणजे मोठा माणूस. घ्यायचा होता तो धडा वेगळाच होता. त्या दीडशे जणांनी घासाघीस केली. गठ्ठ्याने गेले, कंपनीला खाली खेचले, बँकेलाही खेचले. आपला मध्यमवर्गीय ग्राहक एकटा जातो, टेफ्लॉन कोटिंग, सीट कव्हर, मड फ्लॅप आणि ‘हँडलिंग’ यांचे पैसे मुकाट देतो, विमा शोरूममधूनच उतरवतो, सात वर्षांचे कर्ज काढतो आणि बाहेर येऊन पेढे वाटतो. मर्सिडीजवाल्यांची ऐट उचलली, त्यांचा हिशेब शोरूमच्या पायरीवरच राहिला.

तेव्हा आमचा निकाल असा. गाडी मुख्यतः शहरात फिरणार असेल, तर चार मीटरच्या आतली, पाच ताऱ्यांची, सहा एअरबॅगची आणि मधल्या मॉडेलची गाडी पैसे वसूल करते. तिचे सर्वात वरचे मॉडेल करत नाही. बारा लाख घेऊन निघालेल्याला कॉम्पॅक्टचे शेंड्याचे मॉडेल आणि मिडसाइजचे तळाचे मॉडेल यांत निवडायचे झाले, आणि डिक्की खरोखर भरत असेल, तर त्याने लाज सोडून तळाचे घ्यावे. दसरा-पाडव्याला शोरूमला जाल तेव्हा मुलाला सनरूफपाशी सोडू नका. घरातली तीन मोठी माणसे मागच्या सीटवर दहा मिनिटे बसवा, मधल्याचा पट्टा अडकतो का ते पाहा, चार ओळखीच्या खरेदीदारांना बरोबर न्या, आणि कोटेशन एमएच-२० ची पाटी लागून गाडी दारात येईपर्यंतचे, छापील, सहीशिक्क्यासह मागा.