टोकन द्यावे, पण किती वेगाने?

रीसेलचा टू बीएचके पसंत पडला की टोकन कधी द्यावे, या प्रश्नाने कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंत भल्याभल्यांची झोप उडते. इच्छुकांनी पुढील क्रम पाळावा.

१. दुसऱ्या पार्टीचा आदर करावा. कुलूप उघडताउघडताच एजंट सांगतो, "सकाळी एक पार्टी बघून गेलीये, संध्याकाळी टोकन देतेय." ही पार्टी प्रत्येक फ्लॅट सकाळीच बघते आणि अजून कुठेही राहायला गेलेली नाही. तिला हरवायचे असेल तर चपला काढण्यापूर्वीच होकार द्यावा.

२. पाहणी नेमकी करावी. सोफा कुठे बसेल, यावर अर्धा तास चर्चा करावी. बेडरूमच्या एकाच भिंतीला नवा रंग का, हे मात्र विचारू नये. मालकांना वाईट वाटते.

३. वकिलाला लांब ठेवावे. तो ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा ना हरकत दाखला असे काय काय मागतो आणि आठवडा घालवतो. त्यापेक्षा आधी टोकन द्यावे. मागाहून फ्लॅटवर बँकेचा बोजा निघाला, तर पैसे परत मागण्याच्या निमित्ताने मालकांशी कायमचा घरोबा जुळतो. भित्र्यांनी टोकन थोडके ठेवावे आणि पावतीवर 'कागदपत्रांत दोष निघाल्यास किंवा कर्ज मंजूर न झाल्यास पूर्ण रक्कम परत' असे लिहून घ्यावे. ही ओळ वाचताना एजंटचा चेहरा पाहावा, कागदपत्रांचा अंदाज येतो.

४. हिशेब नंतर करावा. पुण्यात ८० लाखांच्या फ्लॅटवर ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५ लाख ६० हजार, वर नोंदणीचे ३० हजार, एजंटचे वेगळेच. हे आधी कळले तर हात आखडतो. फक्त पत्नीच्या नावावर घेतल्यास शुल्कात १ टक्का सवलत मिळते. पण या मुद्द्यावर घरात जी बैठक बसते, तिच्यापुढे वकिलाचा आठवडा काहीच नाही.

५. मुहूर्त साधावा. पाडव्याला, दसऱ्याला गर्दीत उडी घ्यावी, म्हणजे भाव मालक सांगतील तोच राहतो. पितृपक्षात कोणी फिरकत नाही, मालक नरमतात, कागद निवांत वाचून होतात. अशा वेळी तीन लाख कमी सांगून ऑफर देणे अशुभ मानतात. पण आपले बरेचसे पितर भाड्याच्या खोलीत आयुष्य काढून गेले. वाचलेल्या तीन लाखांबद्दल त्यांची तक्रार असेल असे वाटत नाही.