दप्तरी दाखल

मनुष्याने मनुष्याकडे कागद पाठवावयाचा झाला, तर पाठविणाऱ्याचे अगत्य, नेणाऱ्याचा विसराळूपणा आणि घेणाऱ्याचा आळस एवढ्याच विघ्नांचा विचार करावा लागतो. परंतु यंत्राने यंत्राकडे कागद पाठवावयाचा म्हटला, की ओळख पटविणे, मुखत्यारी सिद्ध करणे, हद्द कोणाची व अंमल कोणाचा हे ठरविणे आणि सरतेशेवटी शुद्धलेखनाचा निवाडा करणे, अशी प्रकरणे एकामागून एक अशा शिस्तीने उभी राहतात, की एखाद्या जुन्या संस्थानातील मुरब्बी शिरस्तेदारानेही ती पाहून पागोटे उतरवावे.

माझा या कारभाराशी संबंध आला तो आमच्या पेठेतील वाचनालयामुळे. वाचनालय जुने, इमारत त्याहून जुनी दिसणारी आणि वाळवी दोघांहूनही चिवट. वार्षिक अहवाल, हस्तलिखित मासिके, बंद पडलेल्या नियतकालिकांचे दिवाळी अंक या सर्वांचे स्कॅन करून ते, जेथे छप्पर गळत नाही, वाळवी पोहोचत नाही आणि सभासद ‘एकच दिवस’ म्हणून अंक घरी नेऊ शकत नाहीत, अशा दूरच्या ठिकाणी ठेवावेत असे कार्यकारी मंडळाने एकमताने ठरविले. फ्रँकफुर्ट येथील एक सर्व्हर भाड्याने घेण्यात आला. आणि माझ्या घरी मॅक आहे एवढ्याच गुणवत्तेवर दळणवळणाचे काम माझ्याकडे सोपविण्यात आले. इतके देखणे यंत्र बाळगणाऱ्याला त्यातले काहीतरी कळत असलेच पाहिजे, असा आमच्या खजिनदारांचा समज आहे, आणि तो दूर करण्याइतका मी उद्धट नाही. तथापि कोणाही एका इसमावर सर्वस्वी विश्वास टाकावयाचा नाही, हा खजिनदारांचा धनादेशापासून चहाच्या पावतीपर्यंतचा शिरस्ता असल्यामुळे, प्रत्येक कागद मी माझ्या मॅकवरून आणि ग्रंथपाल बाईंनी वाचनालयातील विंडोजच्या यंत्रावरून, असा दोघांनीही पाठवावा, नाव एकच असल्याने मागून आलेली प्रत आधीच्या प्रतीची जागा घेईल आणि जागेचे भाडेही वाढणार नाही, असा पोटनियम त्यांनी करून घेतला. पुढील अनर्थाचे बीज या पोटनियमात होते, हे त्या वेळी कोणाच्याही लक्षात आले नाही.

मॅकवर प्रत्येक फाइलीला चित्र असते, फोल्डर अदबीने उघडतो आणि काम फत्ते झाल्याचा एक लहानसा सुरेल आवाजही होतो. सर्व्हरला मात्र चेहराच नसतो. काळ्या पडद्यावर एक कर्सर लुकलुकत असतो. तुम्ही अर्ज करीपर्यंत तो काही बोलत नाही, आणि अर्ज मंजूर झाला तरीही बोलत नाही. नामंजूर झाला तरच एक ओळ उमटते. या बाबतीत त्याला कचेरी म्हणण्याचा मोह मला आवरत नाही, जरी आमच्याकडच्या कचेऱ्यांत काम होत नसताना बोलणे बरेच होते हा भेद मी मान्य करतो.

पहिल्याच भेटीत मॅकने मला कळविले, की समोरचा जो स्वतःस अमुक सर्व्हर म्हणवितो त्याची सत्यता ठरविता येत नाही, त्याच्या बोटांचा ठसा पुढे दिल्याप्रमाणे आहे, तरी संबंध जोडावा काय? ठसा म्हणजे लहानमोठ्या रोमन अक्षरांची आणि आकड्यांची त्रेचाळीस चिन्हांची एक सलग रांग. तत्त्वतः हा ठसा सर्व्हरच्या मालकाकडून निराळ्या मार्गाने मागवून अक्षरशः ताडून पाहावयाचा असतो. व्यवहारात सारे जग डोळे मिटून ‘येस’ असे लिहिते, आणि तेही पूर्ण लिहावे लागते, नुसत्या ‘वाय’वर भागत नाही. एकदा ही कबुली दिली, की मॅक तो ठसा आपल्या वहीत नोंदवितो आणि पुढे जन्मभर विचारीत नाही. पण तोच ठसा एक दिवस बदलला, तर मात्र पडद्यावर चिन्हांची चौकट आखून, मोठ्या लिपीत, कोणीतरी काहीतरी वाईट उद्योग करीत असण्याचा संभव आहे असा पुकारा होतो. तो मी प्रथम पाहिला तेव्हा रात्र झाली होती, घरात मी एकटा होतो, आणि तातडीने मी हैदराबादेस माझ्या भाच्याला फोन लावला.

“मामा, तुम्ही काही केलंत का?”

“अरे, मी काय करणार? मला काही करता येत असतं तर तुला फोन केला असता का?”

“मग त्यांनी मशीन बदललं असेल. पण आधी त्यांना विचारून घ्या, नवा ठसा मागवा, ताडून बघा आणि मगच जुनी नोंद खोडा. एकदम ‘येस’ करू नका.”

यंत्र खरोखरच बदलले होते. मालकांनी तसे सौजन्यपूर्वक कळविले, ठसाही पाठविला, आणि त्रेचाळीस चिन्हे मी, एक मोठ्याने वाचीत व दुसरे बोटाने दाखवीत, सौभाग्यवतींच्या साहाय्याने ताडून पाहिली. आमच्या विवाहाच्या वेळी पत्रिकाही इतक्या बारकाईने पाहिल्या गेल्या नव्हत्या.

या संशयी वृत्तीचा इतिहास मनोरंजक आहे. फाइली पाठविण्याची पहिली रीतसर नियमावली एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिली. हे गृहस्थ कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे, पुढे मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत गेलेले. तो काळ सत्ययुगाचा म्हणावा लागेल. जोडलेली यंत्रे मोजकी, ती चालविणारे बहुधा एकमेकांस ओळखणारे, आणि म्हणून त्या एफटीपी नामक पद्धतीत वापरणाऱ्याचे नाव व परवलीचा शब्द उघड्या तारेवरून, कसलाही पडदा न घेता, जात असत. वाटेवर कान लावून बसणारी मंडळी यथावकाश निर्माण झाली. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी असे परवलीचे शब्द वेचीत असल्याचे उघडकीस आले, आणि तेथील संशोधक तातू युलनेन यांनी सारे संभाषण कुलूपबंद करणारी एसएसएच ही पद्धती रचली. एफटीपीचा दरवाजा २१ क्रमांकाचा, टेलनेटचा २३ क्रमांकाचा, मधला २२ रिकामा. तो आपणास मिळावा म्हणून त्यांनी संबंधित अधिकाऱ्यांस पत्र लिहिले आणि दुसऱ्या दिवशी मंजुरी हाती पडली. नळजोडणीच्या अर्जाला पोच मिळण्यात ज्याचे तारुण्य गेले त्याने हे वाक्य दोनदा वाचावे. पुढे २०१७ साली मॅकनेही जुन्या एफटीपीची आज्ञा आपल्या घरातून काढून टाकली, आणि सत्ययुग संपल्याची नोंद त्या बाजूनेही झाली.

नव्या युगात किल्ल्या दोन असतात, एक सर्व्हरवर ठेवावयाची सार्वजनिक आणि एक स्वतःजवळ ठेवावयाची खासगी. खासगी किल्लीची फाइल घरातील दुसऱ्या कोणास वाचता येण्याजोगी असेल, तर यंत्र ती हातीही धरीत नाही. ही फारच उघडी आहे, सबब विचारात घेतली जाणार नाही, असा शेरा मारते. ज्या वाड्यात मी वाढलो तेथे किल्ली दाराबाहेरच्या खुंटीला असे आणि ती तेथे असते हे दूधवाल्यासही ठाऊक असे. हा शेरा वाचताना मला उगाचच आमच्या आजीची बाजू घ्यावीशी वाटली.

मार्गाचे नाव लिहितानाही दक्षता लागते. आरसिंक नावाची एक उत्कृष्ट योजना आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ती १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. दोन्हीकडच्या प्रतींची तुलना करून जेवढे बदलले असेल तेवढेच पाठविण्याची तिची युक्ती काटकसरी माणसाच्या डोळ्यांत पाणी आणील अशी आहे. परंतु फोल्डराच्या नावापुढे एक तिरकी रेघ दिली तर फोल्डरातील वस्तू जातात आणि न दिली तर फोल्डरासकट जातात. एका रेघेवर एवढा मोठा अर्थ टांगून ठेवण्याचे धैर्य पाणिनीनंतर बहुधा याच मंडळींनी दाखविले असावे.

त्यातून मॅकला एक सवय आहे. ज्या फोल्डरात मी डोकावलो, त्यात कोणते चित्र कोठे मांडले होते याची टिपणे तो एका लपविलेल्या फाइलीत ठेवतो, आणि ती मला न दिसता इतर सामानाबरोबर फ्रँकफुर्टला रवाना होते. १९३० सालच्या अहवालाशेजारी माझ्या खिडक्यांच्या मांडणीचा अभिलेखही तेथे जतन होत आहे.

पण हे सारे किरकोळ. खरा संघर्ष नावांवरून झाला. आमच्या वाचनालयाचे जुने चिटणीस लांब शीर्षकांचे भोक्ते होते, आणि मीही फाइलींना मूळचीच शीर्षके देण्याचा आग्रह धरला होता. त्यांपैकी ‘ग्रंथालयाच्या सुवर्णमहोत्सवी वार्षिक सर्वसाधारण सभेचा सविस्तर वृत्तांत आणि जमाखर्चाचा तपशील’ हे नाव मॅकने निमूटपणे स्वीकारले, विंडोजनेही स्वीकारले, सर्व्हरने मात्र लांबीच्या सबबीवर खारीज केले. कारण मॅकवरची मर्यादा २५५ चिन्हांची, तर सर्व्हरवरची २५५ बाइटांची; आणि रोमन अक्षर जेथे एका बाइटात बसते तेथे देवनागरीचे प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह तीन-तीन बाइट घेऊन बसते. शेवटच्या ‘पीडीएफ’ या शेपटीसकट बेरीज २५९ झाली. सुवर्णमहोत्सव काढावा तर चिटणीसांचा आत्मा तळमळेल, जमाखर्च काढावा तर खजिनदार हयात आहेत. अखेर ‘आणि’च्या जागी ‘व’ घातला, सहा बाइट वाचले, आणि २५३ वर तो वृत्तांत सर्व्हरच्या उंबरठ्याच्या आत आला. उभयान्वयी अव्ययाने एवढी मोठी संस्था वाचविल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

यानंतर थोड्याच दिवसांनी ग्रंथपाल बाईंचा फोन आला.

“अहो, ‘दुसऱ्या वर्षाचा अहवाल’ सर्व्हरवर दोनदा दिसतोय.”

“एकाच फोल्डरात?”

“एकाच. नाव तेच, अक्षर न् अक्षर तेच. मी भिंग लावून बघितलं.”

“एका फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली राहू शकत नाहीत, बाई.”

“ते मला माहीत आहे. या राहिल्या आहेत.”

दोष ‘ऱ’चा निघाला. युनिकोडमध्ये हे आपले अर्ध्या चंद्राचे, ‘दुसऱ्या’तले आणि ‘वऱ्हाडा’तले अक्षर दोन रीतींनी लिहिता येते: एक तर अखंड, स्वतंत्र क्रमांकाचे, नाहीतर साधा ‘र’ आणि त्याच्या पायाशी नुक्ता अशी फोड करून. दोन्ही रूपे समान समजावीत असा युनिकोडचा स्पष्ट दंडक आहे, आणि डोळ्यांना ती समानच दिसतात. आता माझे स्कॅन ज्या बाहेरच्या डिस्कवर होते ती १९९८ पासून चालत आलेल्या जुन्या मॅक-पद्धतीची, आणि ती पद्धती अशा प्रत्येक अक्षराची फोड करूनच नोंद करते. बाईंचे विंडोज जसे टंकलेले तसे अखंड ठेवते. सर्व्हर लिनक्सचा, त्याला ‘दुसऱ्या’ही कळत नाही आणि ‘तिसऱ्या’ही कळत नाही, तो केवळ बाइट मोजतो. एका ‘ऱ’चे तीन बाइट आणि दुसऱ्याचे सहा, सबब नावे भिन्न, सबब दोन्ही दाखल. त्याच्या कायद्याने तो बरोबर, माझी डिस्क तिच्या कायद्याने बरोबर, विंडोजही बरोबर. २०१७ नंतरच्या मॅक-पद्धतीत ही फोड होत नाही आणि दोन्ही रूपे एकच मानली जातात, परंतु माझी डिस्क त्याआधीच्या पिढीतली, आणि त्या पिढीची मते बदलणे कठीण असते हे मी स्वानुभवाने सांगतो.

भाच्याने उपाय दोन सुचविले. आरसिंकच्या २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून वाटेतच ही रूपे जुळवून घेण्याची सोय आहे, परंतु मॅकबरोबर वर्षानुवर्षे २००६ सालचीच आवृत्ती येत राहिली, तेव्हा नवी आवृत्ती बसवावी, नाहीतर, “मामा, सरळ रोमन नावं द्या ना, कशाला त्रास?” दुसरा उपाय मी कार्यकारी मंडळापर्यंत जाऊच दिला नाही. पहिला गेला, आणि नवे आरसिंक फुकट मिळते असे ऐकताच खजिनदारांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ज्या वस्तूची पावती नाही ती हिशेबात दाखवावयाची कशी, आणि हिशेबात नाही ती वापरावयाची कोणत्या अधिकाराने, या त्यांच्या प्रश्नाला सभेत उत्तर मिळाले नाही.

मग एका सभासदांनी सुचविले, की ‘ऱ’ हे अक्षरच फाइलींच्या नावांतून वर्ज्य करावे. ‘दुसऱ्या’ऐवजी ‘द्वितीय’, ‘तिसऱ्या’ऐवजी ‘तृतीय’, ‘वऱ्हाड’ऐवजी ‘विदर्भ’. भाषा भारदस्त होईल ते वेगळेच. अकोल्याचे असलेले उपाध्यक्ष थोडे कुरकुरले, पण विदर्भावर राजी झाले. अडले ते एका वयोवृद्ध सभासदांपाशी. त्यांचे गाव कऱ्हाड. सरकार ‘कराड’ लिहिते, एसटीच्या पाटीवर ‘कराड’ आहे, असे त्यांना विनयाने सांगितले गेले; त्यावर, सरकारने लिहिले म्हणून आपण लिहू लागलो तर वाचनालय काढलेच कशाला, असे ते म्हणाले आणि उपरणे सावरून उभे राहिले. प्रकरण हातघाईवर येते असे पाहून अध्यक्षांनी ग्रामनामांपुरता अपवाद ठेवून ठराव मतास टाकला. तो बहुमताने संमत झाला आणि इतिवृत्त ताबडतोब सर्व्हरवर रुजू करण्याची आज्ञा झाली. चिटणीसांनी फाइलीला ‘ऱ वर्ज्य करण्याबाबतचा ठराव’ असे नाव दिले. पोटनियमानुसार बाईंनी ती विंडोजवरून धाडली, मी मॅकवरून धाडली, आणि सर्व्हरने चकार शब्द न काढता दोन्ही शेजारी शेजारी नोंदवून घेतल्या.