पद्मिनीच्या काचेची पट्टी : शास्त्रोक्त मार्गदर्शन

ज्यांनी जुनी प्रीमियर पद्मिनी घरी आणली, तिचा सडका पत्रा कापून नवा जोडला, रंग मारून घेतला आणि तरीही ज्यांचा संसार टिकून आहे, अशांसाठी हे मार्गदर्शन आहे. ‘आता काचेभोवतीची चकचकीत पट्टी तेवढी राहिली’ असं घरी सांगून झालं असेल, तर आधी ते विधान मागे घ्यावं आणि मग पुढे वाचावं.

साहित्य : पट्टी, नवं रबर, नायलॉनची दोरी, साबणाचं पाणी, मास्किंग टेप, लाकडाची चपटी पाचर आणि दोन शहाणी माणसं. दोन शहाणी माणसं एका वेळी मिळत नाहीत, म्हणून एक शहाणा आणि एक सांगितलं तेवढंच करणारा चालेल. यादीत स्क्रूड्रायव्हर मुद्दाम घातलेला नाही. कुणीतरी तो आणतोच. तो काढून घेऊन कुलपात ठेवावा.

पट्टी मिळवणे : १९६४ साली ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट म्हणून बनू लागली. पद्मिनी हे नाव नंतरचं. तिचे सुटे भाग धुंडाळायलाही आज कुर्ल्याच्याच सीएसटी रोडवर जावं लागतं. जन्म आणि मोक्ष एकाच पिनकोडच्या आसपास, हे भाग्य थोड्यांनाच लाभतं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. आता कुठल्याही दुकानात गेलात तरी मिळतो तो ‘शेवटचा पीस’च. तो वाकडा असेल तर उलटा करून लाकडावर ठेवावा आणि आतून हलके ठोके द्यावेत. गुडघ्यावर ठेवून सरळ करू पाहणाऱ्याला पट्टीत एक नवा कोपरा मिळतो.

कृती

१. रंग मारण्याआधी काच, रबर आणि पट्टी एकदा बसवून पाहावी. चौकटीच्या कडेवर पुट्टी जाड झाली की रबर तिला नीट धरत नाही आणि पट्टी कोपऱ्यात उठून बसते. रंगानंतर हे वाचणाऱ्यांनी दुसऱ्या सूचनेकडे वळावं. या क्षेत्रात पहिली सूचना सगळ्यांना उशिराच मिळते.

२. आपलं घराणं ठरवावं. एका घराण्यात काच टेबलावर असतानाच रबरात पट्टी भरतात आणि मग तिघांना एकदम गाडीवर चढवतात. दुसऱ्या घराण्यात काच आधी बसते, पट्टी मागाहून. रबराची खाच पाहून निर्णय घ्यावा. मेकॅनिकला विचारू नये, तो दुसऱ्या घराण्याचा निघतो.

३. रबराच्या पत्र्याकडच्या खाचेत दोरी फिरवून तिची दोन्ही टोकं आत, खालच्या बाजूला सोडावीत. शहाण्याने आत बसून दोरी सावकाश ओढावी आणि दुसऱ्याने बाहेरून तळहाताने काच दाबत जावं. दोरीमागोमाग रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून आत येतो. हे पाहायला सोसायटीतले लोक जमतात. त्यांना काचेला हात लावू देऊ नये.

४. दुसऱ्या घराण्यातल्यांनी आता पट्टी घ्यावी. खाचेला साबणाचं पाणी लावावं. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये, त्याने रबर फुगतं. मधून सुरुवात करून कोपऱ्यांकडे सरकावं. शेवटचं बोटभर अंतर उरलं की पट्टीचं पहिलं टोक टचकन बाहेर येतं. ते परत बसवावं, की दुसरं येतं. ही नृत्यनाट्याची वेळ आहे. दोन्ही टोकं टेपने दाबावीत आणि चहा घ्यावा. पट्टी नुसती शोभेची नाही. ती खाचेत शिरली की रबराचे ओठ फाकतात आणि एकीकडे काचेला, दुसरीकडे पत्र्याला घट्ट धरतात. ती ढिली राहिली तर पाणी आत मुरतं, आणि गंज रबराच्या आडून नव्या पत्र्याला लागतो.

५. शेवटी नळीने पाणी मारावं. आत बसलेल्याने ‘काही नाही’ असं म्हटलं, तर त्याची पॅन्ट तपासावी.

फलश्रुती : गाडी बाहेर काढल्यावर लोक ‘ॲव्हरेज किती देते?’, ‘विकणार का?’ असं विचारतील. पट्टीविषयी कुणी चकार शब्द काढला नाही, तर काम उत्तम झालं असं समजावं. पट्टीची तारीफ मात्र कुणी केलीच, तर लगेच जवळ जाऊन पाहावं. कुठेतरी सुटलेली असणार.