पैले था, साब

खासगी गाडी करून शहर बघायला निघालेल्या माणसाला वाटतं, आज मालक आपण. हा समज गाडीचं दार लागेपर्यंत टिकतो. मग एसी किती, खिडकी उघडायची की नाही, गाणी कुठली आणि आपल्याला भूक लागली आहे की नाही, हे सगळं पुढच्या सीटवरून ठरतं. कोचीत हे ठरवणारे गृहस्थ पन्नाशीचे, पांढऱ्याशुभ्र शर्टातले, कपाळावर चंदनाचं बोट ओढलेले होते. इकडे मोठ्या भावाला 'चेट्टा' म्हणतात, ही माहिती बायकोने हॉटेलातल्या पोऱ्याकडून आदल्या रात्रीच काढून ठेवली होती. चेट्टा म्हटलं की माणूस विरघळतो, असा तिचा सिद्धांत. विरघळून उपयोग नव्हता, कारण दर आधीच ठरला होता: आठ तास, ऐंशी किलोमीटर.

या ऐंशी किलोमीटरांनी मला छळलं. फोर्ट कोचीत बघण्यासारखं जे आहे ते पायी फिरून होतं. एर्नाकुलमच्या हॉटेलातून जाणंयेणं धरलं तरी निम्मेसुद्धा संपत नाहीत. उरलेल्यांचं काय करायचं? पैसे भरलेल्या थाळीला पुरे म्हणणारा माणूस आमच्या घराण्यात अजून झालेला नाही.

पूल ओलांडून विलिंग्डन बेटावर आलो. रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बंदर खोल करताना निघालेला गाळ टाकून हे बेट उभं केलं. त्या गाळावर आज गोद्या आहेत, कचेऱ्या आहेत, रेल्वे स्टेशन आहे. आमच्याकडे नाल्यातून उपसलेला गाळ नाल्याच्याच काठावर पावसाची वाट बघत बसतो आणि पहिल्या सरीला घरी परततो. मी आदराने खिडकीबाहेर बघत होतो. चेट्टांनी काच वर घेतली. एसी चालू होता.

"फोर्ट कोची, साब," म्हणत त्यांनी गाडी उभी केली. मराठी माणसाला किल्ला म्हटला की घाम, चढ आणि वर पोचल्यावर पिठलं-भाकरी इतकं स्पष्ट दिसतं. मी बुटांच्या नाड्या आवळल्या. समोर झाडं, जुने बंगले, कॅफे. "किल्ला किधर है?"

"पैले था, साब."

पोर्तुगिजांनी 1503मध्ये बांधला, डचांनी लहान केला, इंग्रजांनी 1806मध्ये पाडून टाकला. हे सगळं चेट्टांनी अशा शांतपणे सांगितलं, की किल्ला जरा बाहेर गेला आहे असं वाटावं. उरलेसुरले दगड किनाऱ्यावर दिसतात. बायकोने त्यांचा फोटो काढला. कुठल्याही समुद्रकिनाऱ्यावर काढता आला असता.

तिथेच चिनी जाळी. ही मात्र जागेवर होती. लांबलचक वाशांचा आकडा पाण्यावर वाकलेला, त्याला खाटेएवढं नव्हे तर अख्ख्या खोलीएवढं जाळं, आणि मागच्या बाजूला दोरांना ओळीने बांधलेले धोंडे. जाळं पाण्यात उतरलं की धोंडे वर चढतात, चारपाच जण दोर ओढायला लागले की धोंडे खाली येतात आणि जाळं निथळत वर. सगळी करामत त्या धोंड्यांच्या वजनात. मी नीट बघायला पुढे सरकलो तर एका कोळ्याने दोर हातात दिला. मीही ओढला. जाळ्यात चार चिंगुळ मासे आणि एक प्लॅस्टिकची पिशवी आली. मग दोर ओढू दिल्याबद्दल त्याने पैसे मागितले. मजुरी करून घेऊन वर मजुराकडूनच पैसे घेणारा धंदा मी प्रथमच पाहिला, आणि पाण्यापेक्षा काठावर जास्त सापडतं हे त्याचं गणित मला पटलं. जाळी चिनी व्यापाऱ्यांनी आणली म्हणतात. काही जण म्हणतात पोर्तुगिजांनी मकावहून आणली. "चीनी लोग?" बायकोने विचारलं. उत्तर आम्हाला पाठ झालं होतं.

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची कबर. 1524च्या नाताळच्या आदल्या दिवशी तो इथेच कोचीत वारला. शाळेत त्याच्यावर पाच मार्कांचा प्रश्न यायचा, म्हणून मी कठड्याजवळ जरा वेळ उभा राहिलो. चेट्टा कानाशी येऊन कुजबुजले, "पैले था, साब. पोर्चुगल गया." 1539मध्ये त्याचे अवशेष मायदेशी नेले. बदली झाली, पाटी तेवढी राहिली. वर लांब कापडी पंखे टांगलेले आहेत. त्यांची दोरी भिंतीतून बाहेर जाते. आत देवाची प्रार्थना करणाऱ्यांना वारा लागावा म्हणून बाहेर कोणीतरी उन्हात दोरी ओढायचं. त्याला पैसे द्यावे लागत नसत, मिळत असत. काळ फारच बदलला.

मट्टांचेरीचा डच पॅलेस पोर्तुगिजांनी बांधला. कोचीच्या राजाला नजराणा म्हणून दिला, पुढे 1663नंतर डचांनी डागडुजी केली आणि नाव त्यांचं लागलं. आमच्या सोसायटीने हा नियम लावला तर इमारतीला वॉटरप्रूफिंगवाल्याचं नाव द्यावं लागेल. आत भिंतींवर रामायणाची चित्रं आहेत, ती मात्र जीव ओवाळून टाकावा अशी. चेट्टांनी त्यासाठी दहा मिनिटं मंजूर केली होती.

शेजारी ज्यू टाउन. सिनेगॉग 1568चं, राजाने आपल्या देवळाला लागून जागा दिली. तळव्यांखाली निळ्यापांढऱ्या चिनी फरश्या, चपला बाहेर. ज्यू मंडळी बहुतेक इस्रायलला गेली, आपल्या अलिबागकडचे ज्यू, म्हणजे शनवार तेली, गेले तशीच. मी चेट्टांकडे बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

आणि मग जे होतं आणि अजूनही आहे, तिकडे त्यांनी आम्हाला न विचारता गाडी वळवली: मिरीच्या दुकानाकडे. खरं तर पोर्तुगीज, डच, इंग्रज हे सगळे एवढा समुद्र तुडवून याच दुकानात यायला निघाले होते. त्यांनाही बंदरावर कोणीतरी भेटलंच असणार, "चलो साब, देखने का पैसा नहीं" म्हणणारं.

गोणपाटांच्या राशी, सुंठीचा वास, नाकावर चष्मा घसरलेले म्हातारे मालक. त्यांनी मिरीचा एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला. चावला. एका डोळ्यातून पाणी आलं. किंमत ऐकून दुसऱ्या डोळ्यातूनही आलं. मी हसरा चेहरा ठेवून बायकोला मराठीत म्हटलं, "निम्म्यात माग. चेट्टाचं कमिशन धरून सांगतोय." तीही हसत म्हणाली, "चष्म्यावरून कसा बघतोय बघ, पक्का आहे."

मालकांनी चष्मा वर सरकवला आणि कोकणीत सांगितलं, की कमिशन धरलं आहे हे खरं, पण निम्मं नाही; आणि चष्मा सैल झाला आहे.

दुकानात फक्त सुंठीचा वास उरला. मग त्यांनीच स्टुलं पुढे केली. पोर्तुगिजांच्या जाचाने गोवा सोडून निघालेली कोकणी घराणी कोचीच्या राजाच्या आसऱ्याला आली, मट्टांचेरीत देऊळ बांधून राहिली, हे मालक त्यांतलेच. पुढे त्यांनीच सांगितलं: डच अधिकारी व्हान ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, 1678 ते 1693 दरम्यान ॲमस्टरडॅमला छापला. त्याला औषधी झाडांची माहिती इट्टी अच्युतन या वैद्यांनी दिली, आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट या तिघा कोकण्यांनी. तिघांचं निवेदन पहिल्या खंडात नागरी अक्षरांत आहे. म्हणजे शिवाजी महाराज हयात असताना हॉलंडमध्ये आपली अक्षरं छापली जात होती, आणि मी इथे मराठी ही गुप्त भाषा समजून बसलो होतो.

यानंतर घासाघीस करणं शक्यच नव्हतं. मिरी घेतली, वेलची घेतली, आणि ज्याचा आमच्या स्वयंपाकात काहीही उपयोग नाही असं कोकमासारखं दिसणारं कुडमपुळीही घेतलं. मालक चेट्टांशी मल्याळममध्ये काहीतरी बोलले, दोघे मनापासून हसले. ते काय होतं हे विचारायचा अधिकार आम्ही गमावला होता.

हॉटेलच्या दारात चेट्टांनी बिल दिलं. पाच किलोमीटर जादा. मी नकाशा उघडला, बोटाने रस्ता मोजून दाखवला. ते समजूतदारपणे म्हणाले, "गॅरेज टू गॅरेज, साब." गॅरेज शहराबाहेर, आलुव्याला होतं. सकाळी तिथून निघाल्यापासून आणि रात्री तिथे पोचेपर्यंत मीटर आमचाच होता.

भांडायचं की द्यायचं यावर आम्हा नवराबायकोत चर्चा झाली. मराठीत बोलायची हिंमत नव्हती, म्हणून भुवयांनी केली. तिच्या भुवया जास्त मुद्देसूद निघाल्या. मी पाकीट काढलं, आणि तिने वर त्यांना चहाला वेगळे दिले.