रंगावर जाऊ नये

क्लॅरिनेटची नवी रीड डबीतून बाहेर काढली की तिचं वर्णन वधू-वर सूचक मंडळाच्या भाषेतच करावंसं वाटतं: गोरी, सडपातळ, नाकीडोळी नीटस. लांबी सात सेंटिमीटरच्या आत. बुंध्याकडे चांगली भरीव, मग निमुळती होत होत टोकाला मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाइतकी पातळ. हीच रीड महिनाभर ओठात राहिली की सावळी पडते. टोकाशी करडी झाक येते, मध्ये चहाच्या रंगाचा पट्टा उमटतो, आणि क्लॅरिनेट वाजवायचं सोडून माणूस ट्यूबलाइटखाली रीड धरून उभा राहतो. डाग कशाचा असेल? जाईल का? नाही गेला तर वाजेल का?

या प्रश्नांची उत्तरं घरच्यांकडे तयार असतात. आमच्याकडे आईने तुरटी सुचवली, सौभाग्यवतीने खायचा सोडा. समोरच्या काकांचा संगीताशी संबंध सोसायटीच्या गणपतीत माइकवर ‘हॅलो, वन, टू, थ्री’ म्हणण्यापुरता. त्यांनी लिंबू चोळून गच्चीत उन्हात ठेवायला सांगितलं. हळदीचं नाव कुणी काढलं नाही, हे नशीब. माझं मत विचाराल तर रीड उजळवायच्या भानगडीत पडूच नये.

कारण तो गोरेपणा तरी कुठे जन्मजात असतो! रीड ही गवताच्या घराण्यातली. बोरू, बांबू, ऊस हे तिचे सगेसोयरे. आरुंडो डोनॅक्स नावाचं हे उंच गवत दक्षिण फ्रान्समध्ये, भूमध्य समुद्राच्या काठच्या वार प्रांतात उत्तम येतं. तिथे ते साधारण दोन वर्षांचं झालं की हिवाळ्यात कापतात, पानं सोलतात आणि मग उन्हात ठेवून फिरवत राहतात; हिरवा रंग जाऊन सोनेरी रंग चढेपर्यंत. नंतर पुन्हा मुरवत ठेवायचं. पॅरिसच्या ऑपेरात क्लॅरिनेट वाजवणाऱ्या यूजेन व्हॅन डोरेनने १९०५ साली रीड्सचा धंदा सुरू केला, तो ‘व्हँडोरेन’ या नावाने अजून चालू आहे आणि त्याच प्रांतातल्या गवतावर चालू आहे. म्हणजे आपण ज्या रंगावर भाळतो तो मुळात उडालेला रंग आहे. खरोखर घाबरायचं असेल तर हिरवट झाक असलेल्या नव्या रीडला घाबरावं. ती कच्ची असते, आवाज अडखळतो आणि पंधरवड्यात मान टाकते. उलट सालीवर तपकिरी ठिपके आणि रेघोट्या असलेली रीड पुष्कळ जण दुकानात परत ठेवतात. तसं करू नये. ते ठिपके गवताचे स्वतःचे आहेत, त्यांचा सुराशी काही संबंध नाही.

पुढचा रंग आपण देतो. वापरलेली रीड ओली करा, बुंध्याचं टोक ओठात धरा आणि जोरात फुंका. समोरच्या तासलेल्या भागावर बारीक बारीक बुडबुडे येतील. गवताच्या देठात लांबीच्या दिशेने नळ्या असतात, त्या तासल्यावरही तशाच उघड्या राहतात. वाजवताना या नळ्यांतून लाळ आत जाते, आणि लाळेबरोबर तुमचा दिनक्रमही. सकाळचा चहा, चारचा चहा, पाहुणे आले म्हणून झालेला चहा. वरातीतल्या एखाद्या क्लॅरिनेटवाल्याची रीड लालसर दिसली तर ती बुरशी नसते, मघई पान असतं. यातल्या कशानेही रीड बिघडत नाही. ती बिघडते ते तंतू थकल्यामुळे. सेकंदाला शेकडो वेळा टोक वाकतं आणि सरळ होतं, वर लाळ त्याला मऊ करत असते. मग वरच्या पट्टीतले सूर बसके लागतात, फुंकर जास्त आणि आवाज कमी अशी अवस्था येते. तेव्हा रीड कितीही गोरी असो, तिचा निरोप घ्यावा. माझी सध्याची सगळ्यात सुरेल रीड जुन्या पोस्टकार्डाच्या रंगाची आहे.

इथवर वाचून एखादा म्हणेल, म्हणजे डाग दिसला तरी खुशाल वाजवा! तसं नाही. काळ्या डागाची गोष्ट निराळी. ओल्या रीडला टोपण घालून क्लॅरिनेट पेटीत बंद केली आणि बाहेर आषाढ असला, तर चार दिवसांत तिथे काय उगवेल हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. चपलेला बुरा येतो, पट्ट्याला येतो, पुस्तकाच्या पुठ्ठ्याला येतो; रीडला तर आपण रोज लाळेचं खतपाणी घालतो. हा डाग चहाच्या डागासारखा पसरट नसतो. टोचल्यासारखे काळे किंवा करडे ठिपके, कधी गुलाबी छटा, बहुतेक वेळा मागच्या सपाट बाजूला किंवा रीड आवळून धरणाऱ्या पट्टीखाली झाकल्या जाणाऱ्या भागात. नाकाशी धरली की कपाटाच्या तळाचा वास येतो. तो वास आला की पुढे विचार करू नये, रीड टाकून द्यावी.

हे मी उगाच सोवळेपणाने सांगत नाही. ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली इंग्लंडमधल्या एका ६१ वर्षांच्या माणसाची हकीकत आली होती. हा रोज बॅगपाइप वाजवायचा. काही वर्षं खोकला आणि दम यांनी बेजार झालेला. मध्यंतरी तीन महिने ऑस्ट्रेलियाला गेला, वाद्य घरी राहिलं, आणि तब्येत एकदम सुधारली. परत येऊन वाजवायला लागला, पुन्हा दम. डॉक्टरांनी शेवटी वाद्याच्या आतले नमुने घेतले तर त्यात नाना जातींची बुरशी. तो माणूस वाचला नाही. क्लॅरिनेटची रीड म्हणजे बॅगपाइपची ओली पिशवी नव्हे, हे मान्य. पण आपणही श्वास ती तोंडात असतानाच घेतो.

त्यामुळे निगा राखायची ती रंगासाठी नव्हे, कोरडेपणासाठी. वाजवून झालं की रीड मुखपट्टीवरून (म्हणजे माउथपीसवरून) लगेच काढायची. साध्या पाण्याखाली धरायची. मग अंगठा आणि तर्जनीत धरून बुंध्याकडून टोकाकडे हलकेच निपटायची. उलट दिशेने कधीही नाही, टोक एका क्षणात चिरतं आणि चिरलेल्या टोकाला जगात औषध नाही. सपाट बाजू रुमालावर टेकवून टिपायची आणि काचेवर ठेवायची. आमच्याकडे जुन्या फोटोफ्रेमची काच या कामी आली. ती स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर असते, आणि तिच्यावरच्या रीड्सना हात लावला तर काय होईल याची दहशत घरात मी कष्टाने निर्माण केली आहे. उन्हात मात्र ठेवायची नाही. ही काही कुरडई नाही. घाईने वाळली की टोकाला लाटा येतात. आल्याच तर मिनिटभर पाण्यात भिजवून काचेवर बोटाने दाबून धरल्या की बऱ्याचदा बसतात. एकच रीड रोज दामटण्यापेक्षा चार रीड्स पाळीपाळीने वाजवाव्यात, म्हणजे प्रत्येकीला नीट वाळायला सवड मिळते. आणि वाजवण्याआधी दात घासावेत. हा उपाय फुकट असल्यामुळे कुणी करत नाही.

तरीही डाग डोळ्यांत खुपतच असेल तर औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड वाटीत घेऊन पाचेक मिनिटं रीड बुडवावी. फेस येतो, डाग फिका पडतो, वरवरचे जंतू मरतात, आणि आपण काहीतरी शास्त्रीय केल्याचं समाधान मिळतं. नंतर भरपूर पाण्याने धुवावी. रीड तरुण मात्र होत नाही. आणि नळ्यांत शिरलेली बुरशी यानेही निघत नाही.

जाता जाता मुखपट्टीबद्दल. ती बहुधा एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असते. उजेड आणि गरम पाणी लागलं की काळ्याची हिरवट खाकी होते आणि तोंडाला गंधकाची चव येते. गरम पाण्याने निर्जंतुक करायला जाऊ नये. कोमट सुद्धा नको. आणि पेटीबाहेर खिडकीत ठेवू नये.

ही सगळी निगा नको असेल तर कॅनडाच्या लेझेअर कंपनीच्या कृत्रिम रीड्स आता मिळतात. डाग पडत नाहीत, भिजवाव्या लागत नाहीत, भर पावसात मिरवणुकीत वाजवणाऱ्याला त्या सोयीच्याच. मला त्यांचा आवाज जरा इस्त्रीचा वाटतो.

शेवटी एक विनंती. माळ्यावर आजोबांची क्लॅरिनेट सापडली, तर ती जरूर दुरुस्तीला द्या. बूच आणि गाद्या बदलल्या की वाजते. पण पेटीच्या कप्प्यात त्यांची काळवंडलेली रीडही सापडेल. आजोबांची म्हणून ती भावनेच्या भरात तोंडात घालू नका. दोन नंबरची नवी घ्या.